हाड आणि स्नायुरज्जू यांमधल्या अर्ध्या मिलिमीटरसाठी : विज्ञान व तंत्रज्ञान आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : मऊ ऊती हाडाला जोडणाऱ्या ग्राफ्टवरील संशोधनासाठी दीर्घ मुदतीचा संयुक्त कार्यक्रम सुरू करण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

गुडघ्यातले तुटलेले लिगामेंट बदलण्याची किंवा खांद्यातला हाडापासून सुटलेला स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) पुन्हा हाडाला बांधण्याची शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. सांगली, लातूर, अकोला, जळगाव अशा शहरांतही ती दुर्बिणीतून केली जाते. कबड्डी खेळणारा मुलगा, दुचाकीवरून पडलेली शिक्षिका, हात डोक्याच्या वर नेताना कळवळणारे साठीतले शेतकरी असे सगळेच तिथे येतात. शस्त्रक्रियेनंतर आम्ही नातेवाइकांना ‘व्यवस्थित जोडले आहे’ असे सांगतो, आणि ते अर्धेच खरे असते. धाग्याने, स्क्रूने किंवा हाडात रोवलेल्या अँकरने आम्ही मऊ ऊती हाडाला टेकवून धरतो, इतकेच. त्या दोहोंना एकजीव करणारी जी मूळ रचना असते ती आम्हाला परत उभी करता येत नाही, आणि प्रौढ वयात शरीरही ती स्वतःहून उभी करत नाही. ती रचना प्रयोगशाळेत घडवून ग्राफ्टच्या, म्हणजे सांध्यात बसवायच्या ऊतीच्या तुकड्याच्या, रूपाने रुग्णाला देता यावी, यासाठी आयोगाने किमान दहा वर्षांचा एक संयुक्त कार्यक्रम हाती घ्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. प्रयोगशाळेतले बारकावे माझ्यापेक्षा इतरांना अधिक ठाऊक आहेत, परंतु त्यांचे काम रुग्णापर्यंत पोहोचताना कुठे अडते ते आमच्या बाजूने अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम ही रचना काय असते ते सांगतो, कारण मागणीचे सगळे कारण तिच्यातच आहे. स्नायुरज्जू किंवा अस्थिबंध (लिगामेंट) हाडाला जिथे मिळतो त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. खांदा, गुडघा, टाच अशा ठिकाणी तिथे चार थर आढळतात : आधी रज्जूचे लांब समांतर तंतू, मग खनिज नसलेली तंतुमय कूर्चा, त्यानंतर खनिज भरलेली तंतुमय कूर्चा आणि शेवटी हाड. हे थर एकमेकांवर चिकटवलेले नसतात, ते एकातून दुसऱ्यात उतरत जातात. खनिजयुक्त कूर्चा आणि हाड यांच्या कडा तर एकमेकींत दात रुतवून बसलेल्या असतात. एवढा खटाटोप निसर्गाला का करावा लागला, याचे उत्तर आकड्यांत आहे. हाडाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 20 गिगापास्कल असतो आणि स्नायुरज्जूचा काही शे मेगापास्कल, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा पन्नास ते शंभर पट ताठ. इतके भिन्न पदार्थ थेट जोडले की सगळा ताण जोडाच्या रेषेवर, विशेषतः तिच्या कडांवर एकवटतो. मांडवाचे कापड वाऱ्यात फाटते ते मधोमध नव्हे, खिळा ठोकलेल्या जागी, तसेच हे.

या जागेचा अभ्यास गेल्या दोन दशकांत बराच खोल गेला आहे आणि त्याचे काही निष्कर्ष अनपेक्षित आहेत. मऊपणाकडून ताठपणाकडे जाताना ताठरता पायरीपायरीने वाढत जाईल असे कोणालाही वाटेल. पण स्टाव्हरोस थोमोपुलोस, गाय जेनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मधल्या पट्ट्यातला एक भाग हाडापेक्षाच नव्हे तर रज्जूपेक्षाही लवचीक असतो, आणि त्या लवचीक पट्ट्यामुळेच ताणाचे शिखर खाली येते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी 2017मध्ये डुकराच्या टाचेच्या रज्जूवर काम करून दाखवले की रज्जूचे जाड तंतू हाडाजवळ येताना सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यात बारीक धाग्यांत विभागले जातात आणि त्या धाग्यांची रासायनिक घडणही बदलते. म्हणजे ज्याची नक्कल करायची ती गोष्ट एकाच वेळी खनिजाच्या प्रमाणात, तंतूंच्या मांडणीत आणि कोलॅजनच्या, म्हणजे तंतू बनवणाऱ्या प्रथिनाच्या, प्रकारात बदलत जाते, आणि हे सगळे नखाच्या जाडीएवढ्या जागेत घडते.

गर्भावस्थेत ती घडते कशी, हेही आता ठाऊक झाले आहे. स्क्लेरॅक्सिस आणि सॉक्स-9 ही दोन्ही जनुके एकाच वेळी कार्यरत असलेल्या पेशींपासून ही जागा तयार होते, हे 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांतून पुढे आले. इथे शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा शोध असा की हालचालीशिवाय ती नीट तयार होत नाही. नवजात उंदरांच्या खांद्याचे स्नायू बोटुलिनम विषाने लुळे करून ठेवले तेव्हा तिथली तंतुमय कूर्चा उशिरा व अपुरी तयार झाली आणि खनिजही कमी साठले. ओढ बसली तरच ही ऊती आपले रूप घेते. त्यामुळे पेशींना योग्य रसायने दिली की काम झाले, असे धरून चालणाऱ्या प्रकल्पांबद्दल मला पहिल्यापासून शंका वाटते.

आता आमच्या शस्त्रक्रियेनंतर तिथे काय होते ते पाहू. टेकवलेला रज्जू आणि हाड यांच्यामध्ये व्रणऊती भरते. तिच्यात तिसऱ्या प्रकारचे, विस्कळीत कोलॅजन अधिक असते आणि ते चार थर मात्र परतत नाहीत. स्कॉट रोडिओ आणि सहकाऱ्यांनी 1993मध्ये कुत्र्यांच्या पायात हाडातल्या बोगद्यात रज्जू बसवून तो वेगवेगळ्या आठवड्यांनी ओढून पाहिला होता. पहिले आठ आठवडे प्रत्येक वेळी तो बोगद्यातून निसटला. बाराव्या आठवड्यापासून निसटणे थांबले. गुडघ्याच्या लिगामेंटनंतर खेळाडूला मैदानावर परतण्यासाठी नऊ महिने थांबायला सांगितले जाते, त्यामागच्या कारणांत हा संथपणाही आहे. खांद्याची कथा अधिक कठीण आहे. लीसा गॅलाट्झ यांच्या 2004च्या अभ्यासात मोठ्या फाटीची दुर्बिणीतून दुरुस्ती केलेल्या 18 रुग्णांची नंतर सोनोग्राफी केली तेव्हा 17 जणांचा रज्जू पुन्हा सुटलेला आढळला. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यातील बहुतेकांचे दुखणे कमी झाले होते आणि ते समाधानी होते. शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही असा याचा अर्थ नाही, आणि कोणी हे पत्र वाचून ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये. लहान फाटींचे निकाल यापेक्षा पुष्कळ चांगले असतात. परंतु ज्याला हात वापरून पोट भरायचे आहे, ओझे उचलायचे आहे, त्याच्यासाठी दुखणे कमी होणे आणि ताकद परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्यापाशी एक जुना उपाय मात्र असा आहे जो या अडचणीला वळसा घालतो, आणि तो अभियंत्यांनी नीट पाहावा असे मला वाटते. गुडघ्याच्या वाटीखालच्या रज्जूचा मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह काढून तो लिगामेंटच्या जागी बसवता येतो. या ग्राफ्टच्या दोन्ही टोकांना निसर्गाने घडवलेला जोड शाबूत असतो. शरीराला फक्त हाडाशी हाड जुळवायचे असते, आणि ते काम शरीर मोडलेले हाड सांधावे तसे काही आठवड्यांत करते. मग हाच ग्राफ्ट सर्वांना का वापरत नाही? कारण तो जिथून काढतो ती जागा पुढे दुखते, विशेषतः गुडघे टेकताना. नमाज पढणारा, जमिनीवर बसून पूजा करणारा, शेतात गुडघ्यावर बसून खुरपणी करणारा माणूस ते दुखणे रोज सोसतो. म्हणून आपल्याकडे मांडीच्या मागच्या रज्जूंचा ग्राफ्टच अधिक वापरला जातो, आणि त्याला हाडाचे टोक नसते. दोन्ही टोकांना हाड, मध्ये मऊ ऊती आणि सीमेवर खरा जोड असलेला, पण रुग्णाच्या शरीरातून न काढलेला ग्राफ्ट मिळाला तर हा पेच सुटेल. संशोधकांनी नेमके काय बनवावे याचे माझे उत्तर इतके साधे आहे.

असे काही बनवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही, आणि त्यातील अपयशे यशांइतकीच शिकण्याजोगी आहेत. 1980च्या दशकात कार्बन, पॉलिएस्टर, टेफ्लॉनच्या जातीचे धागे विणून कृत्रिम लिगामेंट बसवली गेली. ती सुरुवातीला भक्कम वाटत, नंतर झिजत, तुटत, आणि झिजेचे कण सांध्यात सूज आणत. पुढे डुकराच्या आतड्याच्या आवरणापासून तयार केलेला पट्टा खांद्याच्या दुरुस्तीला बळकटी म्हणून बाजारात आला. कुत्र्यांमधील प्रयोगांत तो आश्वासक दिसला होता. मात्र जोसेफ इआनोटी यांनी 2006मध्ये 30 रुग्णांवरची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा पट्टा लावलेल्या 15 खांद्यांपैकी 4 भरून आले होते आणि न लावलेल्या 15पैकी 9. प्राण्यात चालले म्हणजे माणसात चालेल या गृहीतकाला याहून स्वच्छ उत्तर मिळणे अवघड.

त्यानंतरची पिढी अधिक विचारपूर्वक काम करणारी आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेलन लू यांनी तीन सलग भागांचा स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढवण्यासाठीचा सच्छिद्र सांगाडा, तयार केला, ज्याच्या एका टोकाला तंतुजनक पेशी, मध्ये कूर्चापेशी आणि दुसऱ्या टोकाला, जैवसक्रिय काच मिसळलेल्या भागात, अस्थिजनक पेशी वाढवल्या. यौनान शिया यांच्या गटाने सूक्ष्म तंतूंच्या जाळीवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर एका टोकाकडून दुसरीकडे उतरता ठेवण्याची रीत दाखवली. मिशिगन विद्यापीठात लिसा लार्किन आणि एलन अरुडा यांनी स्कॅफोल्ड न वापरता अस्थिमज्जेतील पेशींचा थर स्वतःच गुंडाळला जाऊन दोन हाडसदृश टोकांमध्ये लिगामेंट तयार होईल असे केले, आणि तो ग्राफ्ट मेंढ्यांच्या गुडघ्यात बसवून कित्येक महिने तपासला. बॉस्टनमध्ये मार्था मरी यांनी निराळाच रस्ता धरला : तुटलेले लिगामेंट काढून न टाकता त्याच्या दोन टोकांमध्ये रुग्णाच्याच रक्ताने भिजवलेला कोलॅजनचा तुकडा ठेवून ते भरून आणायचे, म्हणजे हाडाजवळचा मूळ जोड हलवावाच लागत नाही. त्या साधनाला अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर 2020मध्ये मान्यता दिली. तरीही चारही थर मूळच्यासारखे पुन्हा उभे करणारा ग्राफ्ट अद्याप आम्हा शल्यचिकित्सकांच्या हाती आलेला नाही. मैदान अजून मोकळे आहे, आणि आपण यात उशिरा उतरत आहोत असे मला वाटत नाही.

हे पत्र दिल्लीऐवजी आयोगाला लिहिण्याचे कारण असे की या कामाला लागणारी जवळजवळ सगळी सामग्री आपल्या राज्यात आहे. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर (पॉलिमरवर) काम करणारी माणसे आहेत आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींवर काम करणारी. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी 1988पासून आहे. मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प 1974मध्ये सुरू झाला. मुंबई आणि नागपूरला जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आणि आयोगाच्याच पाठबळाने 2014मध्ये आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या, वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या बेटिक केंद्राने डॉक्टर आणि अभियंते यांना एका टेबलाशी बसवण्याची सवय लावली, पुण्याला व नागपूरला आपले गट उभे केले. आयोगाला या कामाची रीत नव्याने शिकवायची गरज नाही. फक्त बेटिकमधून येणारी उपकरणे आणि हा ग्राफ्ट यांच्या वेळापत्रकात मोठा फरक आहे, तो लक्षात घ्यावा लागेल. उपकरणाचा नमुना काही महिन्यांत तयार होतो, हातात घेऊन तपासता येतो आणि चुकला तर दुसरा करता येतो. ग्राफ्ट चुकला की नाही हे कळायलाच वर्ष लागते.

आपल्याकडे या विषयावर होणाऱ्या प्रकल्पांची चाकोरी मला जवळून ठाऊक आहे. तीन वर्षांचा निधी असतो. पहिले वर्ष साहित्य मागवण्यात आणि माणसे नेमण्यात जाते. दुसऱ्या वर्षी एक सुबक स्कॅफोल्ड तयार होतो. तिसऱ्या वर्षी त्यावर पेशी जगल्या, त्यांनी कोलॅजन निर्माण केले असे रंगीत छायाचित्रांसह सिद्ध होते, फार तर सशात तो काही आठवडे ठेवला जातो, आणि शोधनिबंध छापून संशोधक विद्यार्थी परदेशी निघून जातो. माझ्या एका अभियंता मित्राचा असाच चांगला चाललेला प्रकल्प, मेंढीत बसवण्याची तयारी झाली त्याच सुमारास मुदत संपून थांबला. यात कोणाची अकार्यक्षमता नव्हती. मुदतच कामाच्या मानाने तोकडी होती. पेशी जगल्या का, हा प्रश्न पहिल्या टप्प्यापुरता ठीक आहे. मी मात्र ग्राफ्ट हातात घेतल्यावर दुसरेच काही विचारीन : सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी तो किती बळाने ओढल्यावर तुटतो, तुटतो तो कुठे, हाडापाशी की मधोमध, आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर खनिजयुक्त कूर्चेचा थर दिसतो की व्रणच दिसतो? कार्यक्रमाचे मूल्यमापन या प्रश्नांवर व्हावे, निबंधांच्या संख्येवर नको.

त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी पैशापेक्षाही व्यवस्थेवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे मानवी ऊती. आपल्या राज्यात गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात. त्या शस्त्रक्रियेत नडगीच्या हाडाचा वरचा काप काढला जातो आणि त्या कापावरच पुढच्या क्रूसबंधाचे, म्हणजे गुडघ्यात नेहमी तुटणाऱ्या लिगामेंटचे, खालचे टोक हाडाला चिकटलेले असते. म्हणजे ज्या जोडाची नक्कल करण्यासाठी जगभर धडपड चालली आहे तो मानवी जोड, संपूर्ण, चारही थरांसह, आपण रोज जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतो. ती ऊती बहुधा वृद्ध आणि झिजलेल्या सांध्यातली असते, हे खरे. तिच्यावरून तरुण खेळाडूच्या लिगामेंटबद्दल सगळे निष्कर्ष काढता येणार नाहीत. पण वयानुसार, मधुमेहानुसार, झिजेनुसार तो जोड कसा बदलतो हे पाहायला त्याहून चांगला स्रोत कोणता? रुग्णाची समजून दिलेली संमती, ओळख लपवण्याची शिस्त, शीतसाखळी आणि ऊती कोणत्या प्रयोगशाळेला द्यायची हे ठरवणारी नैतिक समिती एवढे जुळवले, तर काही मोठी रुग्णालये यात नक्की उतरतील. आज प्रत्येक संशोधक ओळखीच्या डॉक्टरकडे हात पसरून चार नमुने मिळवतो, आणि त्या चार नमुन्यांवर प्रबंध उभा राहतो.

दान केलेल्या ऊतींचाही विचार याच अंगाने व्हावा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994चा, आणि 2011च्या दुरुस्तीने अवयवांबरोबर ऊतीही त्याच्या कक्षेत आल्या. नेत्रदान आणि त्वचादान मराठी घरांत आता अपरिचित राहिलेले नाही. टाचेचा रज्जू टाचेच्या हाडाच्या तुकड्यासह देता येतो, हे मात्र फारसे कोणी ऐकलेले नसते. अशा दात्याच्या ग्राफ्टमध्ये खरा जोड आयता मिळतो. अडचण निर्जंतुकीकरणाची आहे. गॅमा किरणांची नेहमीची 25 किलोग्रेच्या आसपासची मात्रा जंतूंचा नायनाट करते, परंतु त्या पातळीपासून कोलॅजनची ताकदही घटू लागते. मात्रा किती कमी करता येईल, ती देताना ऊती किती थंड ठेवावी, रज्जूच्या तुलनेत त्या चार थरांवर किरणांचा परिणाम वेगळा होतो का, हे प्रश्न तुर्भे आणि परळ यांच्यामध्ये सुटू शकतात. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. कृत्रिम ग्राफ्ट यायला दहा वर्षे लागली तरी या कामाचे फळ रुग्णांना त्याच्या पुष्कळ आधी मिळेल, म्हणून कार्यक्रमाचा पहिला टप्पा हाच असावा असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट मोठ्या प्राण्यांची. उंदराचा खांदा रचनेने माणसाच्या खांद्याशी जुळता असला तरी त्याची ऊती माणसापेक्षा फार जोमाने भरून येते आणि तिच्यावर येणारे बळही नगण्य असते. मेंढी किंवा शेळीत तपासल्याशिवाय माणसाच्या सांध्याबद्दल बोलता येत नाही. अशा प्रयोगांना केंद्रीय समितीची परवानगी लागते, जी कसून तपासून दिली जाते आणि तशीच दिली जायला हवी. पण परवानगी मिळाल्यावरही प्राणी वर्षभर नीट सांभाळणारी, त्यांची भूल, वेदनाशमन, चालण्याचे मोजमाप पाहणारी जागा सहज मिळत नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी एका ठिकाणी अशी एकच चांगली सोय उभी करून ती सर्व गटांना खुली ठेवावी. याच महाविद्यालयांकडे आणखी एक संधी आहे, जिच्याकडे आम्हा माणसांच्या डॉक्टरांचे लक्ष जात नाही. गुडघ्यातला क्रूसबंध तुटणे हा पाळीव कुत्र्यांचा अगदी नेहमीचा आजार आहे. पशुवैद्य आज बहुधा नडगीच्या हाडाचा उतार बदलून त्यावर उपाय करतात, कारण त्या सांध्यात बसवलेले ग्राफ्ट टिकलेले नाहीत. निरोगी प्राण्याला मुद्दाम इजा करण्याऐवजी, मालकाच्या संमतीने, आधीच आजारी असलेल्या कुत्र्यावर सुरक्षित ठरलेला ग्राफ्ट वापरून पाहता आला तर कुत्र्याचेही भले होईल आणि आम्हालाही खऱ्या आजाराबद्दल काही कळेल.

भारतीय रुग्णाचा विचार करताना मधुमेह बाजूला ठेवता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेही रुग्णाच्या खांद्यातला शिवलेला रज्जू पुन्हा सुटण्याचा धोका अधिक असतो. तरुण, निरोगी मेंढीत यशस्वी झालेला ग्राफ्ट पंचावन्न वर्षांच्या मधुमेही बाईंच्या खांद्यात काय करील, हे पाश्चात्त्य प्रयोगशाळा आपल्यासाठी शोधून देणार नाहीत. मधुमेही प्राण्यांतील चाचणी शेवटी कधीतरी करण्याची गोष्ट न ठेवता तिला सुरुवातीच्या आराखड्यातच जागा द्यावी.

ग्राफ्टमध्ये जिवंत पेशी ठेवायच्या की नाहीत, हा निर्णयही लवकर घ्यावा लागेल. पेशीविरहित ग्राफ्ट वैद्यकीय उपकरण म्हणून 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येईल. पेशी घातल्या की तो 2019च्या नव्या औषधांच्या नियमांखाली जातो, आणि तो रस्ता बराच लांब आहे. माझा कल पेशीविरहित ग्राफ्टकडे आहे. तो साठवता येतो, जळगावच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचवता येतो आणि प्रत्येक रुग्णासाठी नव्याने वाढवावा लागत नाही. जीवशास्त्रज्ञांचे मत वेगळे असू शकते, आणि त्यांनी ते मांडावे. जाता जाता एवढे सांगतो की गुडघ्यात स्टेम सेलचे इंजेक्शन घेतल्याने लिगामेंट परत उगवते अशा जाहिराती आज शहरोशहरी दिसतात. आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. आयोगाच्या निधीचा आणि नावाचा अशा बाजाराला दुरूनही आधार मिळू नये.

दहा वर्षे हा काळ शासनाच्या हिशेबात फार वाटेल, म्हणून देशातलेच एक उदाहरण देतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाच्या कृत्रिम झडपेचे काम 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. सुरुवातीचे आराखडे एकामागून एक टाकून द्यावे लागले, आणि माणसात पहिली झडप बसली ती डिसेंबर 1990मध्ये. मधल्या वर्षांत कोणी वार्षिक अहवालावरून हिशेब मागून निधी थांबवला असता, तर आज हजारो रुग्णांच्या छातीत चालणारी ती झडप तयारच झाली नसती. त्याच संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासून पेशी काढून टाकून जखमेवर लावण्याचा स्कॅफोल्ड विकसित झाला आणि 2023मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. प्राण्यांच्या ऊतीपासून बनलेल्या, सर्वाधिक जोखमीच्या वर्गातल्या उपकरणाचा नियामक मार्ग भारतात पार करता येतो, हे यातून दिसले आहे. त्या चमूकडून आपण आधीच शिकून घ्यावे.

म्हणून आयोगाने पुढील प्रस्ताव मागवताना पुढील अटी घालाव्यात अशी विनंती आहे. एकट्या संस्थेचा प्रस्ताव स्वीकारू नये; त्यात पदार्थवैज्ञानिक, पेशीवैज्ञानिक, पशुवैद्य आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हे चौघेही पहिल्या दिवसापासून नावानिशी असावेत, आणि डॉक्टराचे नाव केवळ शोभेला नसावे. निधी टप्प्याटप्प्याने द्यावा, पण एका टप्प्याचा निकाल प्रतिकूल आला म्हणून कार्यक्रम बंद न करता आराखडा बदलण्याची मुभा असावी. फसलेल्या प्रत्येक ग्राफ्टची माहिती, तो कुठे आणि किती बळाला तुटला यासह, सर्व सहभागी गटांसाठी एका ठिकाणी नोंदवणे बंधनकारक असावे, कारण आजपर्यंत अशा अपयशांची माहिती प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिली आहे. आणि पहिल्या वर्षाच्या आत गुडघेबदल शस्त्रक्रियेत निघणाऱ्या ऊतीसाठी संमतीपत्राचा एक मराठी मसुदा तयार करून तो राज्यातील रुग्णालयांच्या नैतिक समित्यांकडे पाठवावा. या शेवटच्या कामाला खर्च जवळजवळ नाही. त्या मसुद्यासाठी लागणारी मदत मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला करू. आयोगाने वेळ दिल्यास त्यासाठी मुंबईला येण्याची आमची तयारी आहे.

आपला विश्वासू,
पश्चिम महाराष्ट्रातील एक अस्थिशल्यचिकित्सक